तळीचा पाचवा हात

लग्न होऊन जानेफळला आले आणि पाचव्याच दिवशी मी सासरी पहिला गुन्हा केला. वांग्याची भाजी केली.

आता यात गुन्हा कसला, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. माझं माहेर धामणगाव बढे. आमच्याकडे लग्नात नवरदेव तासभर उशिरा आला तर लोक सांभाळून घेतात, पण पंगतीत वांग्याची भाजी पातळ झाली तर वर्षभर नाव निघतं. निघताना आईनं कानात सांगितलं होतं, "पयल्या सैपाकात वांगे कर. सासरा खूश झाला की अर्धं घर तुह्यं." सासर तर वांग्यांचंच होतं. मळ्यात काटेरी वांग्यांचा मोठा तुकडा, अंगणात वांग्यांच्या पाट्या, खाटेखालीसुद्धा वांगी. मी जीव ओतून भाजी केली, वर तेलाचा लाल तवंग आणला आणि पहिली मामाजींच्या ताटात वाढली. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणायचो.

ओसरीवरच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. नवऱ्याचा घास हातातच राहिला. मामाजींनी डोळे मिटून भाजीचा वास घेतला, चांगला पोटभर घेतला, आणि ताट दोन बोटांनी पुढं सरकवलं. "पोरी, मले डाळ वाढ," एवढंच म्हणाले.

मी आत पळाले. सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला रडू फुटलेलं पाहून म्हणाल्या, "रडू नको माय. तुले कोणी सांगतलंच नाही. त्यायनं वांगं सोडलं हाये."

"कायच्यापायी?"

"एका मानसाचा हात तोडासाठी," सासूबाई म्हणाल्या आणि डाळीला फोडणी द्यायला बसल्या.

गोष्ट अशी होती. आमच्या मळ्यातली विहीर दोन घरांत निम्मी निम्मी. तेव्हा इंजिनं आमच्या शिवारात यायची होती, दोन्ही घरांच्या मोटा चालत. शेजारचा मळेकरी आणि मामाजी लहानपणापासूनचे जोडीदार. चंपाषष्ठीला आमच्या घरी खंडोबाची तळी उचलत. ताटात नारळ, खोबरं, पानसुपारी आणि भंडारा ठेवायचा आणि पाच पुरुषांनी ते ताट धरून तीनदा डोक्यापर्यंत उचलायचं. चार हात घरचे आणि शेजारच्या सुताराचे मिळून व्हायचे. पाचवा हात कायम या जोडीदाराचा.

एका उन्हाळ्यात पाण्याच्या पाळीवरून बिनसलं. जोडीदाराच्या पाळीचं पाणी त्याच्या वाफ्यापर्यंत पोहोचेना. त्याला वाटलं मामाजी मधेच पाट फोडतात. मामाजींना वाटलं हा उगाच आळ घेतो. चार दिवस धुसफूस चालली आणि पाचव्या दिवशी त्यानं हातातल्या कुऱ्हाडीचा घाव मामाजींच्या उजव्या खांद्यावर घातला. पुढं कुणीतरी पाट उकरून पाहिला तर खाली घुशीचं बीळ निघालं. सगळं पाणी तिथं जात होतं.

मामाजी वाचले, पण उजवा हात खांद्याच्या वर म्हणून गेला नाही. बुलढाण्याच्या कोर्टात जोडीदाराला सात वर्षांची सजा झाली. निकाल ऐकायला अर्धं गाव एसटीत कोंबून गेलं होतं. मामाजी कोर्टाच्या पायरीवर आले आणि सगळ्यांदेखत ओरडले, "सात वर्सं? सात वर्सांनी माह्या हाताले फुटवा येईन का? त्याचा हात माह्या हातासारका करीन, तवाच वांगं खाईन!" लोकांनी शाब्बास शाब्बास केलं. कुणी तिथंच त्यांना चहा पाजला.

रागाच्या भरात आमच्याकडे माणसं काय काय सोडतात. कुणी चहा सोडतो, कुणी भावाचं दार सोडतो. पण वऱ्हाडात राहून वांगं सोडायचं म्हणजे माणसानं स्वतःलाच वाळीत टाकायचं. पंगत कुणाचीही असो, रोडगे आणि वांग्याची भाजी ठरलेली. मामाजींसाठी डाळीची वेगळी वाटी यायची. वाढपी मोठ्यानं विचारायचा, "डाळवाले मामा कुठी बसले बाप्पा?" मग शेजारचा पाहुणा विचारायचा, डाळ काऊन? मग कुणीतरी मिशीवर हात फिरवत सगळी कथा सांगायचं, कुऱ्हाडीपासून पायरीपर्यंत. त्यामुळे तो राग कधी शिळा झालाच नाही, गावानं तो पंगतीपंगतीला गरम करून वाढला.

मामाजींना वांग्याचं वेड होतं, हे मला लवकरच कळलं. मी भाजी टाकली की ते कारण नसताना चुलीच्या खोलीत यायचे. "विळा कुठी ठेवला?" विळा त्यांच्याच हातात असायचा. फोडणीचा वास घेत जरा उभे राहायचे आणि जायचे. सासूबाई माझ्याकडे बघून डोळा मिचकावायच्या. रोज सकाळी त्यांचं मुंडासं सासूबाई बांधून द्यायच्या, कारण हात वर जात नसे. बांधता बांधता दोघांचं ठरलेलं भांडण चाले. "ढिलं झालं," ते म्हणायचे. "मंग दुसरी करा बांधनारी," त्या म्हणायच्या. मी नवी नवरी, पोट धरून हसायचे.

एक गोष्ट मात्र मला तेव्हा उमगत नव्हती. जोडीदार तुरुंगात, पण त्याच्या बायकोच्या पाण्याच्या पाळीला मामाजी आमची मोट विहिरीवर नेऊ देत नसत. ती बाई स्वतः बैल हाकायची. एकदा तिच्या मोटेचा नाडा तुटला तर मामाजींनी आमचा नवा नाडा मुलाकडून पाठवून दिला. मी सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "तिनं कोनाले मारलं? तिचं पानी तिचं हाये." 

अशी दोन वर्षं गेली. मग कार्तिकाच्या मध्याला चौकीवरचा जमादार येऊन सांगून गेला. चांगल्या वागणुकीची माफी मिळून जोडीदार साडेपाच वर्षांतच सुटणार होता, महिनाभरात गावात येईल म्हणाला. मला तेव्हा पाचवा महिना होता.

त्याच संध्याकाळी काकाजी आले. काकाजी म्हणजे मामाजींचे धाकटे भाऊ. बोलण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता. घरात विंचू निघाला तर मात्र पहिले खाटेवर तेच. ओसरीत बसून दगडावर कुऱ्हाडीला धार लावत माझ्या नवऱ्याला म्हणाले, "दादाचा हात उठत नाही. तुहा उठते. पोरगा कायले असते मंग?"

मामाजी उठून बैलांकडे गेले. माझा नवरा तसाही मोजकंच बोलायचा. पण त्या दिवसापासून तो एका भाकरीवर उठू लागला, आणि ती कुऱ्हाड ओसरीच्या वळचणीला खोचलेली राहिली. येता-जाता माझी नजर तिच्यावर जायची.

खरं सांगते, त्या सुटणाऱ्या माणसाची मला दयाबिया आली नव्हती. सासूबाई रोज मुंडासं बांधताना मी पाहत होते, थंडीत मामाजी खांदा शेकत बसायचे ते पाहत होते. ज्यानं हे केलं त्याच्यावर माझा रागच होता. मला भीती होती ती माझ्या माणसाची. माझं पोर जन्माला यावं आणि बाप बघायला त्याला तुरुंगाच्या दारात न्यावं लागावं, या विचारानं माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

शेवटी एका सकाळी वांगी तोडताना मी तोंड उघडलं. सुनेनं सासऱ्याशी बोलायची रीत नव्हती, पण रीत पाळून नवरा वाचणार नव्हता. मामाजी दोन ओळी पलीकडे डाव्या हातानं तोडत होते.

"मामाजी, एक इचारू?"

"इचार."

"पोराले फासावर चढवून खाल्लेलं वांगं गोड लागन का तुमाले?"

त्यांचा हात थांबला. त्यांनी हातातलं वांगं पाटीत ठेवलं. मग बांधावर बसले.

"लय तोंड हाये तुले," म्हणाले. "खरं सांगू? दुखते अजून. दुखलं की राग येते, ते काही खोटं नाही. पन पायरीवर जे बोललो ना, ते दोन-चार महिन्यांत उतरलं असतं. लोकायनं उतरू देलं नाही. आता मी वांगं खाल्लं तं म्हनतीन, म्हातारा भेला."

"म्हनू द्या."

"तुले सोपं वाटते पोरी."

मला असा संताप आला की मी वांगी पाटीत दणादण टाकायला लागले. मामाजी तिकडं न बघताच म्हणाले, "देठं मोडतीन."

आठवडा गेला आणि चंपाषष्ठी आली. चातुर्मासात सगळं घर वांगं सोडतं. त्या दिवशी देवाला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा दाखवायचा आणि मग घरानं खायला सुरुवात करायची. मामाजी तेवढा प्रसाद कपाळाला लावून गाईला घालत. भरताची वांगी आणायला मी सकाळीच मळ्यात गेले.

पाहते तर आमच्या पाटात एक म्हातारा उभा. केस बारीक कापलेले, अंगात कोरा सदरा, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. पायानं चिखल दाबत होता.

"घूस लागली बाई इथं," मला बघून म्हणाला. "पानी वाया जाऊन राह्यलं होतं."

शेजारणीचा, त्या जोडीदाराच्या बायकोचा, भाऊ अधूनमधून येतो हे मी ऐकून होते. हा तोच असणार, असं मी धरून चालले. मी वांगी तोडायला लागले तसा तो ओळीच्या टोकाला येऊन उभा राहिला.

"भरताले ते नको घेऊ. बिया झाल्या त्यात. हे घे." त्यानं एक वांगं अंगठ्यानं हळूच दाबून पाहिलं आणि मला दिलं. मग दुसरं दिलं. हात जाणत्याचा होता. बघता बघता पाटी भरली.

"तू या घरची सून का?"

"हो."

"सासऱ्याचा हात कसा हाये?"

"कसा राहीन? वर जात नाही. आज तळी हाये ना, पाहा जा, दरसाली त्यायच्या बाजूनं ताट खाली होते आन नारळ घरंगळते. हासाची चोरी." आणि मग माझा तोल गेला. वळचणीची कुऱ्हाड आठवली, नवऱ्याची उरलेली भाकरी आठवली. "ज्यानं हे केलं ना, त्याचं वाटोळं होवो!"

तो खाली वाकून हातातलं वांगं पाटाच्या पाण्यात धुवायला लागला. "हो बाई," म्हणाला. "झालं त्याचं."

मला वाटलं, बिचारा भला माणूस, आपल्यासाठी हळहळतो आहे. त्यानं पाटी माझ्या डोक्यावर चढवून दिली. तेवढ्यात मला आठवलं की जोडीदार आत गेल्यापासून तळीच्या पाचव्या हाताला बोलावतो ते शाळेतले गुरुजी आज बहिणीच्या गावी गेले आहेत आणि सुतार धरून चारच पुरुष आहेत. चंपाषष्ठीला दिसला पाहुणा जेवल्याशिवाय सोडत नाहीत, शिवाय आमची अडचण. मी म्हणाले, "तुमी या ना तळीले. आमाले मानूस कमी पडते."

"मी?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "मी आलो तं चालन?"

"काऊन नाही चालन? मी सांगते ना घरी. दुपारी या, भरीत खाऊन जा."

अशा रीतीनं मी दुसरा गुन्हा केला, आणि वर डोक्यावर पाटी घेऊन गुणगुणत घरी गेले.

दुपारपर्यंत भरीत झालं, रोडगे भाजून झाले, देवापुढं तळी भरली. मामाजी, काकाजी, माझा नवरा आणि सुतार ओसरीत बसून होते. काकाजींची कुरकुर चालली होती की पाचवा कोण? मी दाराआडून सासूबाईंना मोठ्या ऐटीत सांगितलं, "आत्याबाई, मी आवतन देलं हाये एका पाव्हण्याले." आणि तेवढ्यात तो अंगणात आला. आंघोळ केलेली, कपाळाला भंडारा, डोक्याला काही नाही. येऊन तुळशीपाशी उभा राहिला.

सासूबाईंनी माझं मनगट असं करकचून धरलं की बांगडी पिचली. मग मला कळलं. मी त्याला आयुष्यात कधी पाहिलंच नव्हतं, मी आले तेव्हा तो आत होता.

काकाजी ताडकन उठले. वळचणीची कुऱ्हाड काढून त्यांनी माझ्या नवऱ्याच्या हातात दिली. स्वतःच्या हातात नाही ठेवली, हे मी त्या भीतीतही टिपलं. नवरा कुऱ्हाड घेऊन उभा राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि तो बापाकडे बघत होता. बाप अंगणात बघत होता.

"कोनं बलावलं याले?" मामाजींनी विचारलं.

"मी," दाराआडून मी म्हणाले.

"तळीचं आवतन देलं?"

"हो."

"तो चोरून नाही आला, आवतन घेऊन आला?"

"मीच या म्हनलं. मले मालूम नव्हतं मामाजी."

मामाजींनी देवापुढच्या ताटाकडे पाहिलं, मग मुलाच्या हाताकडे पाहिलं. "ठेव ते खाली," मुलाला म्हणाले. "कुऱ्हाड धरून तळीले हात लावतेत का? काही समजते का नाही?"

"दादा!" काकाजी ओरडले.

"तळी झाल्यावर पाहू," मामाजी म्हणाले. "देवाले किती वेळ बसवतं? ये रे."

तो आला. पायरीशी थबकला, मग वर आला. पाच जण ताटाभोवती बसले आणि हा जाऊन बसला नेमका मामाजींच्या उजव्या अंगाला. त्याची जागा तीच होती म्हणे, साडेपाच वर्षांपूर्वीची. ताटाला पाच हात लागले. येळकोटाचा गजर झाला आणि ताट उठलं.

खांद्यापर्यंत नीट गेलं. मग मामाजींची बाजू थांबली. ताट कललं आणि दरसालचा तो नारळ हलला, घरंगळायला लागला. तेवढ्यात त्या माणसानं आपला डावा हात मामाजींच्या कोपराखाली घातला आणि हात वर उचलला.

"हळू बे!" मामाजी कळवळून ओरडले. "दुखते ना!"

"दुखन ना," तो म्हणाला. त्याचे डोळे वाहत होते. "म्याच केलं ते."

"मंग हळू उचल!"

सुताराला पहिलं हसू फुटलं. मग माझ्या नवऱ्याला. ताट हातात, नारळ मधोमध, आणि चौघेही गदागदा हसताहेत. काकाजी तेवढे गंभीर राहायचा प्रयत्न करत होते, पण त्यांचीही मिशी हलायला लागली. दुसऱ्यांदा ताट उठलं तेव्हा त्यानं कोपर जपून, वीतवीत वर नेलं. तिसऱ्यांदा मामाजींनी स्वतःच कोपर त्याच्या तळहातावर ठेवलं. त्या वर्षी नारळ पडला नाही. मी दाराआड हुंदके देऊन रडत होते आणि हसतही होते. सासूबाई म्हणाल्या, "पोटात लेकरू हाये, एक काहीतरी कर."

पानं मांडली. शेजारणीला निरोप गेला होता, ती धावत आली आणि नवऱ्याला आमच्या पंगतीत बघून अंगणातच खाली बसली. सासूबाईंनी तिला हाताला धरून आत आणलं. मग त्यांनी पाहुण्याच्या पानात भरीत वाढलं आणि न विचारता मामाजींच्याही पानात वाढलं.

"मी काय बोललो होतो ते मालूम हाये ना?" मामाजी म्हणाले.

"मालूम हाये. जेवा."

काकाजींनी विचारलंच, "म्हंजे सोडून देलं याले?"

"म्या कोठी सोडलं?" मामाजी म्हणाले. "सरकारनं सजा देली, त्यानं भोगली. ते बराबर होतं, ते कमी नव्हतं पायजे. वरची सजा माही होती. ती साडेपाच वर्सं कोनं भोगली? डाळ कोनं खाल्ली?" आणि त्यांनी रोडगा मोडून पहिला घास भरताला लावला.

मग सगळे जेवायला लागले. मामाजींनी भरीत दोनदा मागितलं, तिसऱ्यांदा न मागता पातेल्याकडे बघितलं. पाहुणा खाली मान घालून जेवत होता, मामाजींनी त्याच्या पानात स्वतःच्या डाव्या हातानं रोडगा टाकला आणि म्हणाले, "पाटातलं घुशीचं बीळ पाह्यलं का?" तो म्हणाला, "बुजवलं सकाळी." एवढंच. गळ्यात गळे घालणं वगैरे काही झालं नाही, आणि त्यांचं पहिल्यासारखं जमायला पुढं बरीच वर्षं लागली. गावातले काही लोक तर नाराजच झाले. पंगतीतली गोष्ट गेली ना त्यांची.

जेवणं आटोपल्यावर मी उष्टी काढत होते. नवऱ्यानं पाच रोडगे खाल्ले होते. मी मोजले होते. तो कुऱ्हाड घेऊन चुलीच्या खोलीत आला आणि कोपऱ्यात टेकवून म्हणाला, "सरपनाले राहू दे."

बाहेर मामाजी खाटेवर आडवे झाले होते. त्यांना उचकी लागली होती. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले तर उठून बसले, दोन घोट प्यायले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू वावरात इचारलं होतं ना मले, वांगं गोड लागन का म्हनून?"

मी मान खाली घातली.

"गोड लागलं पोरी," मामाजी म्हणाले. "पोरगा बी घरीच हाये."